तेलाच्या पाकिटालाही कडता

पत्र : काकू, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिली. घरी आम्ही पाच जण. सात एकर कोरडवाहू, कापूस न् सोयाबीन. महिन्याच्या किराण्यात तेलाची पाच पाकिटं येतात, एक १३० ले. पहिले ती महिनाभर पुरत. आता सव्वीस-सत्तावीस तारखेलेच डबा खाली होते. सासूबाई म्हणतात, “तेल पिऊन राहिली का वं?” घरचे म्हणतात, “मी पैसे देऊन रायलो न् तुहं पुरतच नाही.” भाजीत तेल मी वाढवलं नाही, शप्पथ. चायपत्तीचं, साबणाच्या वड्यांचं, पोट्ट्यांच्या बिस्किटांचंही असंच. दुकानदारासंगं भांडून झालं. तो नात्यातला आहे, आता बोलत नाही. दोन महिन्यांत शेजारणीकडून दोन वाट्या तेल आणलं, घरी सांगितलं नाही. मी खरंच उधळी आहो का जी? सोबत रिकामं पाकीट पाठवत आहो.

नाही वं माय, उधळी नाहीस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तो प्रश्न लिहिताना तुझं अक्षर एकदम बारीक झालंय.

तुझं पाकीट पोचलं. लिफाफ्यावर तेलाचा डाग आहे आणि ‘शप्पथ’ या शब्दाची शाई फुटलीय, पण पाकीट शाबूत आहे. कोपरा कात्रीनं पेराएवढाच कापलेला, आणि आतून इतकं निपटून घेतलेलं की उजेडात धरलं तरी थेंब दिसत नाही. पाकीट असं निपटणाऱ्या बाईला उधळी म्हणायला जीभ तरी कशी वळते लोकांची! मी ते ओट्यावर आमच्या घरच्या रिकाम्या पाकिटाशेजारी ठेवलं. रुंदी सारखी. उंचीत अर्ध्या बोटाचा फरक, तोही शेजारी ठेवलं म्हणून कळला. आमच्या पाकिटावर छापलंय ‘१ लिटर, ९१० ग्रॅम’. तुझ्या पाकिटावर लिटरचा पत्ता नाही. तिथे फक्त ‘८०० ग्रॅम’.

आता हिशेब कर. ९१० ची पाच पाकिटं म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम. महिन्याच्या तीस दिवसांनी भागलं तर रोजचं साधारण दीडशे ग्रॅम. पाच माणसं, दोन वेळची भाजी, वरणाला फोडणी, कधी पोहे. ८०० ची पाच म्हणजे बरोबर चार किलो. त्याच पळीनं, त्याच हातानं वापरलं तर ते किती दिवस पुरेल? सव्वीस. तू पत्रात काय तारीख लिहिलीस ते परत वाच. तुझा हात चुकत असता तर डबा कधी वीसला, कधी अठ्ठावीसला रिकामा झाला असता. तो दर महिन्याला ठरल्या दिवशीच रिकामा होतो, म्हणजे हात पक्का आहे आणि पाकीट लहान झालंय.

इथे पुष्कळ जणी फसतात, कारण आपण लिटर आणि किलो एकच धरतो. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि तापलं की फुगतं म्हणून त्याच लिटरात वजन आणखी कमी बसतं. काही कंपन्यांनी याचाही उपयोग करून घेतला होता. लिटरपुढे ‘६० अंश तापमानाला’ असं छापायच्या. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतो, ६० अंशाला जवळपास ८९३. आता ६० अंशात कोणाच्या घरी तेल ठेवतात? आपल्या चंद्रपूरचा मे महिनासुद्धा तिथवर जात नाही. शेवटी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की तापमान लिहू नका, वजन स्पष्ट लिहा. त्यामुळे वजन पाकिटावर असतं खरं. वाचायची सवय मात्र आपल्याला कोणी लावली नाही.

पूर्वी असं अधलंमधलं माप सहजी काढता येत नव्हतं. पाकीटबंद मालाचे २०११ चे नियम आहेत, त्यांत एक यादीच होती. चहा, बिस्किटं, खाद्यतेल, साबण, दूध पावडर अशा वस्तू ठरलेल्या मापातच विकायच्या. शंभर, दोनशे, पाचशे, किलो. २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्रानं ती यादी काढून टाकायचं ठरवलं, आणि तिच्या बदल्यात पाकिटावर एका ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापायची सक्ती आणली. मुदतवाढ घेत घेत ते लागू झालं. तेव्हापासून ८००, ८५०, ८७० अशी पाकिटं कायद्यानं चालतात. वजन खरं छापलं असेल तर कंपनीनं गुन्हा केला असं म्हणता येत नाही. मला हे पटत नाही, पण आहे असं.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. साखर, पत्ती, फल्लीदाणे, सगळं कागदाच्या पुडीत बांधून जायचं. गिऱ्हाइकाची नजर काट्यावर, वडिलांची नजर गिऱ्हाइकाच्या नजरेवर. काटा मारणारे दुकानदार तेव्हाही होतेच, नव्हते असं कोण म्हणेल. पण समोरची म्हातारी पदर सावरत “काटा पाह्य जरा नीट” म्हणू शकायची, आणि मग आणखी चार दाणे पडायचे. आता काटा कारखान्यात गेला. तुझा तो नात्यातला दुकानदार पाकीट नुसतं फळीवरून काढून देतो. त्याच्याशी भांडलीस ते साहजिक होतं, पण माणूस चुकला. तोही तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून जे येतं ते घेतो, आणि गावात ‘स्वस्तातलं द्या’ म्हणणारे जास्त, म्हणून १३० चं पाकीट समोर ठेवतो. त्याच्याशी बोलणं सुरू कर. कापूस विकेपर्यंत वही त्याच्याच दुकानात चालते, हे तुला मी सांगायला नको.

आता घरचं. खरं म्हणजे तुझा प्रश्न तेलापेक्षा घरचाच जास्त आहे.

नवऱ्याला ‘कंपन्या लुटून राहिल्या’ असं सांगू नकोस, तो पेपर मिटवून बाहेर जाईल. त्याला समजेल अशा भाषेत सांग. या हंगामात त्यानं सोयाबीन विकलं असेल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. बाजार समितीत काय हाती आलं ते त्यालाच माहीत. ओल जास्त आहे, माती आहे, असं म्हणत व्यापाऱ्यानं कडता, म्हणजे वजनात कपात, धरला असेल, आणि तो दोन दिवस त्या किलोभरावरून घरात चिडचिड करत फिरला असेल. त्याला म्हण, “आपल्या तेलाच्या पाकिटालेही कडता लागला. ९१० चे ८०० झाले.” क्विंटलच्या हिशेबानं तो कडता बारा किलो होतो. सोयाबीनला कोणी क्विंटलमागे बारा किलो कडता मागितला असता तर त्यानं गाडी परत वळवली असती की नाही? एवढं बोलून दोन्ही पाकिटं त्याच्यापुढे ठेव आणि गप्प राहा. हिशेब त्यालाच करू दे. स्वतः काढलेला आकडा पुरुषांना लवकर पटतो. (आमच्याकडे तरी असंच आहे.)

जुनं ९१० चं पाकीट घरात सापडलं नाही तर दुकानात मागून बघ, दोन्ही मिळत असतील. आणि एक महिना हे कर : प्रत्येक रिकाम्या पाकिटावर पोराच्या स्केचपेननं ते फोडल्याची तारीख लिही, आणि चुलीमागच्या खिळ्याला टोचून ठेव. महिना संपला की खिळाच साक्ष देईल. सासूबाईंनाही त्यात घे. त्यांना पायली न् शेराचा जमाना आठवत असेल, मापाबद्दल त्या तुझ्यापेक्षा कडक असणार. त्यांच्या हातात पाकीट देऊन “आत्याबाई, हे पाव्हा बरं, पहिल्याएवढं आहे का?” असं विचारलं की त्या तुझ्या बाजूनं कंपनीला शिव्या द्यायला लागतील. माझा अंदाज आहे, पण पैज लावायला तयार आहे.

पैशाचंही नीट बघू, नाहीतर उगाच मोठा आकडा डोक्यात राहील. तू लिहिलंस की ८०० चं पाकीट १३० ला मिळतं. समज, ९१० चं १४५ ला आहे. पहिलं १५ रुपयांनी स्वस्त दिसतं. किलोवर काढ : १३० भागिले ८००, गुणिले १०००, म्हणजे १६२ रुपये ५० पैसे. दुसरं १५९ रुपये ३४ पैसे. स्वस्त दिसणारं पाकीट किलोला तीन रुपयांनी महाग. तुमच्या साडेचार किलोला महिन्याचा फरक जेमतेम १४ रुपये. म्हणजे तुमच्या घरात जे चाललंय ते १४ रुपयांसाठी नाही. नवरा पाच पाकिटांचे ६५० देतो आणि त्याला वाटतं महिन्याचं तेल झालं. खरी गरज ७२५ ते ७४० रुपयांची आहे. मधले पाऊणशे-नव्वद रुपये कुठे गेले याचा जाब तुला विचारला जातो, आणि ते तुझ्यापर्यंत आलेलेच नसतात.

मी वर सांगितलं की ग्रॅमची किंमत पाकिटावर छापलेली असते. ती बारीक अक्षरात ‘यूएसपी’ म्हणून शोध, छापील किमतीच्या आसपास. पण तिच्यावर विसंबू नकोस. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती एका ग्रॅमची देतात, आणि पैशाच्या दोन घरांपर्यंतच. तुझी दोन्ही पाकिटं त्या हिशेबानं ‘०.१६ रुपये ग्रॅम’. दोघांवर एकच आकडा! १५५ रुपये किलोचं तेलही ०.१६ आणि १६४ चंही ०.१६. आणि हा आकडा छापील किमतीवर काढतात, दुकानदार तेल त्याहून कमीला देतो. म्हणून मोबाइलवरचा कॅल्क्युलेटरच बरा. दिलेले पैसे भागिले ग्रॅम, गुणिले हजार. पोराला शिकव, त्याचा भागाकार पक्का होईल.

पाच आणि दहा रुपयांच्या वस्तूंचं गणित वेगळं, आणि तिथे मार जास्त बसतो. गावात आपण ग्रॅमवर मागतच नाही. “पाचचा पुडा दे, दहाची वडी दे,” असं मागतो. नाणं ठरलेलं, म्हणून कंपनीला किंमत वाढवायची सोय नाही. मग ती आतला माल कमी करते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, इंडोनेशियानं एप्रिल-मेमध्ये काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली, आणि आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्या वर्षी वर्तमानपत्रांत आलं होतं की पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा ६४ ग्रॅमवरून ५५ वर आला, दहाची आलू भुजिया ५५ वरून ४२ वर, भांडी घासायची दहाची वडी १५५ वरून १३५ वर. भुजियाचं बघ : तेरा ग्रॅम गेले, फार वाटत नाहीत. पण किलोचा भाव १८२ रुपयांवरून २३८ वर गेला, जवळजवळ एकतीस टक्के वाढ. तीच वाढ पाकिटावर छापून दहाचे तेरा केले असते तर अख्ख्या गावात चर्चा झाली असती.

तेव्हा पोरं बिस्किटाच्या पुड्यावरून भांडत असतील तर त्यांनाही दोष देऊ नकोस, मोजून वाटायला खरंच कमी आलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. तेलावर आधीपासून ५ होता, तो तसाच आहे. छोट्या पुड्यांची किंमत तीच ठेवून वजन वाढवतो, असं काही कंपन्यांनी सांगितलं. तुमच्या दुकानातल्या पुड्याचं वाढलं का? जिनं जुना पुडा चुलीत घातला नसेल तिलाच ते सांगता येईल.

एक उलटी गोष्टही सांगते, नाहीतर लहान पाकीट म्हणजे महागच असं धरून बसशील. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलीच्या हिशेबानं बरेचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. तिथे खुशाल पुड्याच घे. फक्त १० ग्रॅम किंवा १० मिलीपर्यंतच्या पुड्यांना पाकीटबंद मालाच्या नियमांतून सूट आहे, त्यामुळे तिथे अक्षरं शोधत बसू नकोस.

तेलासाठी खरा उपाय मोठा डबा, आणि तो एकटीच्या आवाक्यातला नाही. तू बचत गटात आहेस का ते लिहिलं नाहीस. असशील तर बैठकीत विषय काढ. मुंबईत ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते, दहा-वीस घरांनी मिळून महिन्याची यादी करायची आणि ठोकात माल आणून वाटून घ्यायचा. तुम्हाला सगळा किराणा करायची गरज नाही, तेल आणि साखरेपासून सुरुवात करा. साखरेचं पोतं ५० किलोचं असतं. तेलाचा ‘पंधराचा डबा’ मागाल तेव्हा मात्र विचारा, पंधरा किलो की पंधरा लिटर? लिटर असेल तर आत १३ किलो ६५० ग्रॅमच आहे, म्हणजे सव्वा किलोहून जास्त फरक. एवढा फरक ‘पंधराचा’ या एका शब्दात खपून जातो. वाटणी वाटीनं करू नका, काट्यावर करा, नाहीतर गट तेलावरूनच फुटेल. आणि शक्य असेल तर माल त्या दुकानदारालाच आणायला सांगा, त्याला थोडी दलाली द्या. त्याचं मन राहील, तुमचा टेम्पोचा खर्चही वाचेल.

घाणीवर स्वतःची फल्ली किंवा जवस नेऊन तेल काढून आणायचं, असं कोणीतरी सुचवेलच. चव उत्तम, यात वाद नाही. स्वस्त पडत नाही. बाजारात पिंपातून सुटं तेल मिळालं तर घेऊ नकोस, सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे, आणि आत काय मिसळलंय ते कोणालाच कळत नाही.

तक्रारीचं थोडक्यात. पाकीट लहान झालं याची तक्रार होत नाही. पण ८०० छापून आत ७५० निघालं, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, किंवा किंमत वाढवणारं स्टिकर वर डकवलं, तर होते. एस.टी. स्टँडवर ‘थंड करायचे दोन रुपये’ घेतात, तेही यातच येतं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, मराठीत बोलता येतं. वजनाच्या तक्रारीसाठी वैध मापन शास्त्राचा निरीक्षक असतो, आपण ज्याला वजनमापेवाला म्हणतो तो. पाकीट न फोडता ठेव, फोडल्यावर कोणी ऐकत नाही. पाचशे ग्रॅम ते किलोपर्यंतच्या एखाद्या पाकिटात पंधरा ग्रॅमची चूक नियमानं चालते, त्यामुळे पाच-दहा ग्रॅमसाठी धावू नकोस. आठवडी बाजारात इलेक्ट्रॉनिक काट्यावर यंदाची पडताळणी झालीय का ते मात्र बघत जा, ती दरवर्षी करून घ्यावी लागते.

राहिल्या शेजारणीच्या दोन वाट्या. ते घरी सांगायचं की नाही, हा तुझा प्रश्न. मी असते तर पाकिटं नवऱ्यापुढे ठेवली त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, कारण तेव्हा ते ऐकायला कान मोकळे असतात. पुढच्या महिन्याचा किराणा आला की पहिलं पाकीट फोडून आधी तिचं तेल परत कर. आणि वाटी तीच ने, जिनं आणलं होतंस तीच, काठोकाठ भरून.